‘ही रीत कधीपासूनची?’

नववीतली एक मुलगी परवा वही घेऊन माझ्या घरी आली. शाळेने यंदा प्रकल्पाचा विषय मुलांवरच सोपवलेला. इतरांनी दुकानातली तयार चित्रे चिकटवली. हिने विषय घेतला ‘आपल्या वस्तीचे पाणी’. गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी वाढेपर्यंत आजीला ताटकळावे लागे, हे तिला प्रथमच कळले. तिने विचारले, “काका, ही रीत कधीपासूनची?”

महाडच्या खटल्यात हाच प्रश्न निर्णायक ठरला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सवर्णांनी रूढीचा हवाला देत दावा लावला. पण ती रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

पूर्वी वस्तीचे नाव सांगताना आपली मान खाली जाई, असे तिने वहीच्या शेवटी लिहिले आहे. आता नळाला पाणी का नाही, असा अर्ज तिने नगरपालिकेला केला आहे. बांधवांनो, या वाढीला गुणपत्रिकेत रकाना नाही. म्हणून मुलांच्या वह्या आपणच वाचा, त्यांचे प्रश्न दडपू नका. जयभीम!