फोटोला बसताना काय नेसावे, काय घालावे?

आपल्या समाजातल्या कोणत्याही घरात जा. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, शेजारी माता रमाई असतात. त्यांच्या खाली घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतात. ते फोटो जरा नीट पाहा. आजोबांचा फोटो बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढलेला असतो आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहून गेलेला दिसतो. आजीचा फोटो मतदार ओळखपत्रावरून नाहीतर आधार कार्डावरून मोठा केलेला असतो. चेहरा पुसट झालेला, डोळे अर्धवट मिटलेले. काही ठिकाणी तर ज्या माणसाने जन्मभर सदरा-धोतर वापरले, त्याच्या गळ्याखाली कॉम्प्युटरवाल्याने काळा कोट आणि लाल टाय चिकटवलेला असतो.

असे का होते? माणूस जातो, जलदान विधीचा दिवस ठरतो, पत्रिका छापायला द्यायची असते आणि मग घरभर फोटोची शोधाशोध सुरू होते. हयातभर ज्या माउलीने घर सांभाळले, तिचा एकटीचा असा एकही फोटो घरात सापडत नाही. म्हणून आज ‘फोटोला बसताना काय घालावे’ हा साधा वाटणारा विषय घेतला आहे. तो वाटतो तेवढा साधा नाही.

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव हे स्टेशन आहे. आसपास उसाची शेते आणि गुऱ्हाळे. अशा गावातल्या कष्टकरी घराला चांगला फोटो काढायचा म्हणजे कामाचा एक खाडा करून केडगाव, यवत किंवा दौंड गाठायचे. काही जण पुण्याला जातात. हातात मोबाईल आल्यापासून फोटो पुष्कळ निघतात हे खरे, पण ते जयंतीच्या मिरवणुकीतले, वाढदिवसाच्या केकसमोरचे. शांत बसून, चेहरा स्पष्ट दिसेल असा, भिंतीवर लावण्याजोगा फोटो अजूनही ठरवूनच काढावा लागतो. आणि ठरवून काढायचा म्हटले की पहिला प्रश्न कपड्यांचाच येतो.

कपडा आपण ठरवायचा

आपण काय घालावे हे एके काळी दुसरे ठरवत होते. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरचे आपले न झालेले भाषण छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी इंदूर जिल्ह्यातल्या बलाई समाजाची हकीकत दिली आहे. ती बातमी जानेवारी १९२८ मध्ये वर्तमानपत्रात छापून आली होती. तिथल्या सवर्णांनी बलाईंना हुकूम काढला होता की जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. गरिबीमुळे नाही, तर परवडत असले तरी घालायचे नाही! कपड्यावरून माणसाची पायरी ओळखू आली पाहिजे, असा तो हट्ट होता.

त्याच्या काही दिवस आधीच, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी मुद्दाम वेगळा संवाद साधला. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुमची जात ओळखली जाते ती पद्धत सोडा, हातभर आणि गळाभर घातलेले ओझ्याचे दागिने उतरवा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. तिथे जमलेल्या अनेक स्त्रियांनी लगेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. एवढ्या मोठ्या लढ्याच्या धामधुमीत बाबासाहेबांना लुगड्याविषयी बोलावेसे वाटले, यातच त्या गोष्टीचे महत्त्व आले.

स्वतः बाबासाहेबांच्या फोटोंतला नीट शिवलेला सूट आणि टाय याच नजरेने पाहावा. ज्यांना चांगला कपडा घालण्याची मनाई होती, त्यांचा प्रतिनिधी जगासमोर कसा उभा राहतो, हे तो सूट सांगतो. मात्र त्यातून ‘फोटोत प्रत्येकाने कोटच घातला पाहिजे’ असा अर्थ काढू नये. कोणता कपडा घालायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे, हा खरा अर्थ. म्हणून कॉम्प्युटरने चिकटवलेला कोट हा सन्मान नव्हे. तो कोट त्या माणसाने कधी निवडलेलाच नव्हता.

आजी-आजोबांना विचारा

घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढायचा म्हटले की सुना-नाती उत्साहाने नवी साडी आणतात. आजी जन्मभर नऊवारी नेसलेली असते. तिला फोटोपुरती पाचवारी गुंडाळली की ती अवघडून बसते आणि तो अवघडलेपणा चेहऱ्यावर उतरतो. तिला विचारा, ‘आजी, तुला काय नेसावंसं वाटतं?’ तिच्या पेटीत जपून ठेवलेले एखादे लुगडे निघेलच. डोक्यावर पदर घ्यायचा की खांद्यावर ठेवायचा, तेही तिलाच ठरवू द्या. फक्त पदराची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर येत नाही एवढे पाहा.

पती वारलेल्या आईला किंवा आजीला ‘रंगीत कशाला, पांढरेच बरे’ असे म्हणू नका. पांढरे वस्त्र आपल्यात वैधव्याचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी शुभ्र वस्त्रांत धम्मदीक्षा घेतली. आपल्याकडे वंदनेला आणि मंगलपरिणयालाही पांढरे नेसतात. ते आनंदाचे आणि शीलाचे वस्त्र आहे. आजीला पांढरे आवडत असेल तर तिने जरूर नेसावे आणि हिरवे किंवा जांभळे आवडत असेल तर तेही नेसावे. निवड तिची असावी, म्हणजे झाले.

आजोबांचे पागोटे, टोपी, उपरणे जे रोजचे असेल ते राहू द्या. चष्मा वापरत असतील तर काढायला लावू नका, कारण चष्म्याशिवायचा चेहरा नातवंडांना ओळखीचाच वाटणार नाही. काचेवर दिव्याची चमक येत असेल तर मान किंचित खाली घ्यायला सांगा, चमक जाते.

वडिलांची वर्दी

मुलगी पदवीधर होते, काळा झगा घालून आईवडिलांसोबत फोटो काढायचा असतो. वडील रेल्वेत गँगमन असतात, नगरपालिकेत सफाई खात्यात असतात, साखर कारखान्यात असतात. अशा वेळी वडिलांसाठी कुणाचा तरी कोट मागून आणला जातो. खांदे ढगळ, बाह्या पंजापर्यंत आलेल्या. पाठीमागे चिमटे लावून कोट बसवला जातो. फोटोत वडील पाहुण्यासारखे दिसतात.

त्यापेक्षा त्यांच्याच मापाचा, इस्त्री केलेला साधा सदरा शंभर पटीने बरा. आणि एखाद्या बापाला आपल्या कामाच्या वर्दीतच लेकीशेजारी उभे राहावेसे वाटले, तर मुलांनी लाजू नये. त्या वर्दीच्या पगारातूनच तो काळा झगा आला आहे. पण हेही लक्षात ठेवा की वर्दी घालण्याची सक्ती मुलांनी करू नये. काहींना ती फोटोत नको असते आणि त्यांच्या नकोशा वाटण्यालाही कारण असते.

दागिन्यांचा मोह

उसने दागिने घालून काढलेला फोटो पाहताना दर वेळी आठवते ते दागिन्याच्या मालकिणीचे नाव! शिवाय हरवले, दांडी तुटली तर नात्यात कायमची अढी. कानात रोजचे, गळ्यात रोजचे, हातात बांगड्या असल्या की पुरे. कॅमेऱ्यालाही झगमगाट सोसत नाही. मोठा चमकता हार असला की पाहणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते आणि चेहरा मागे पडतो.

रंग कसा निवडावा

फोटोत सर्वांत महत्त्वाचा असतो चेहरा. कपड्याने चेहऱ्याला उठाव द्यावा. त्यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

एकरंगी आणि थोडा गडद कपडा बहुतेकांना शोभतो. निळा, गडद हिरवा, मरून, जांभळा हे रंग सावळ्या चेहऱ्यावर खुलतात. अगदी बारीक रेघांचा किंवा बारीक चौकडीचा शर्ट टाळावा, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्या रेघांवर लाटा उठल्यासारख्या दिसतात. चमकणारे सिंथेटिक कापड फ्लॅशचा उजेड परत फेकते. सुती कापड केव्हाही चांगले.

मागचा पडदा कोणता आहे ते आधी विचारा. निळ्या पडद्यासमोर निळी साडी आणि पांढऱ्या पडद्यासमोर पांढरा शर्ट घातला की माणूस पडद्यात मिसळून जातो. मुलांच्या परीक्षांच्या अर्जासाठी फोटो काढताना हे विशेष लक्षात ठेवावे. ‘नीट’सारख्या परीक्षेला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, दोन्ही कान दिसणारा फोटो मागतात. तिथे गडद एकरंगी शर्ट किंवा कुर्ता घालावा, केस कानावरून मागे घ्यावेत.

घरातले सर्व जण पांढऱ्या कपड्यांत बसणार असतील तर फोटोवाल्याला आधी कल्पना द्या. समोर खूप पांढरे दिसले की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरे काळपट येतात. अनुभवी फोटोग्राफर चेहऱ्यावरून उजेडाचे माप घेतो.

आणि एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा, ‘आमचा रंग उजळवू नका.’ अनेक ठिकाणी न विचारता चेहरा गोरा करून देतात. ही खोड फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जी नमुना कार्डे दिली, त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या गोऱ्या चेहऱ्यावरून माप ठरल्यामुळे काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे फोटोत नीट येत नसत. आज कॅमेरे सुधारले आहेत, आता माणसांची नजर सुधारायची आहे. उन्हात राबून रापलेला चेहरा हीच आपल्या आईची ओळख आहे. ती पुसून कुणी दुसराच चेहरा दिला तर तो फोटो आपल्या काय कामाचा?

सगळ्या कुटुंबाचा फोटो

हल्ली सगळ्यांनी एकसारखा कपडा घालायची टूम निघाली आहे. दहा जणांना एकाच ताग्यातले कपडे शिवायचे म्हणजे महिन्याचे रेशन गेले! त्याची गरज नाही. घरात असलेल्या कपड्यांतूनच एकमेकांना साजेसे दोन-तीन रंग ठरवावेत. कुणी निळे, कुणी पांढरे, कुणी करडे घातले की फोटो एकत्र बांधल्यासारखा दिसतो. एकानेच भडक पिवळे घातले तर सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच जातात.

लहान मुलांना नवा कोरा, खरबरीत कपडा घालू नका. मूल खाजवत बसते, रडते. एकदा धुतलेला मऊ कपडा घाला. रेल्वेने किंवा एसटीने स्टुडिओत जायचे असेल तर फोटोचे कपडे घडी करून पिशवीत न्यावेत आणि तिथे बदलावेत. सोबत कंगवा, रुमाल, दोन सेफ्टी पिना ठेवाव्यात.

स्टुडिओ परवडत नसेल तर घरीही उत्तम फोटो निघतो. सकाळच्या वेळी, ओसरीवर ऊन अंगावर येणार नाही अशा ठिकाणी, उजेडाकडे तोंड करून माणसाला खुर्चीवर बसवावे. मागे साधी भिंत असावी. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर धरावा, वरून किंवा खालून नव्हे. आपण बोलत राहावे आणि माणूस मोकळा झाला की फोटो घ्यावा. चार-पाच घ्यावेत, त्यातला एक नक्की चांगला येतो.

फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो, बिघडतो. चांगल्या फोटोच्या दोन प्रती छापून घ्या, एक गावी आणि एक शहरातल्या भावाकडे ठेवा. मागच्या बाजूला नाव, गाव आणि तारीख लिहा. पन्नास वर्षांनी पणतू विचारील, ‘ही कोण?’ तेव्हा उत्तर द्यायला आपण नसू.

उद्यावर टाकू नका

‘आता माझा कसला फोटू काढता? म्हातारी झाले मी,’ असे प्रत्येक आजी म्हणते. आपणही म्हणतो, पुढच्या जयंतीला काढू, दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमले की काढू. अशी वर्षे जातात.

फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात बाबासाहेबांच्या कुटुंबाचा एक फोटो निघाला. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि घरातला टॉबी कुत्रासुद्धा त्यात आहे. त्यानंतर पंधराच महिन्यांनी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो दिवस पुढे ढकलला गेला असता, तर ते सगळे कुटुंब एकत्र पाहण्याचे भाग्य आपल्याला कुठून लाभले असते?

तेव्हा येत्या पौर्णिमेला नाहीतर सुट्टीच्या दिवशी आजीची पेटी उघडायला लावा. तिला हवे ते लुगडे तिला काढू द्या, आदल्या रात्री धुऊन वाळत घाला. सकाळी तिला ओसरीवर उजेडात बसवा.