चंचल मुलांना समजून घेताना

नव्या यंत्रसामग्रीचे छायाचित्र अहवालात छापता येते. बालमार्गदर्शन विभागाच्या कामाचे तसे छायाचित्र निघत नाही. अवधानाची कमतरता व अतिचंचलता, म्हणजेच ए.डी.एच.डी., या विकाराचे निदान करणारी रक्ततपासणी नाही आणि त्यासाठी मेंदूचा स्कॅनही लागत नाही. लागतो तो वेळ. मुलाचे निरीक्षण, आईवडिलांशी सविस्तर संभाषण, वर्गशिक्षकांचे मत, तसेच दृष्टी व श्रवण यांची तपासणी यांवरून डॉक्टर निष्कर्षाप्रत येतात. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घरी, शाळेत अशी एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. केवळ गणिताच्या तासाला चुळबुळ करणारे मूल यात मोडत नाही.

हा आजकालच्या राहणीमुळे उद्भवलेला विकार आहे, असा समज आढळतो. परंतु लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच अशा मुलांचे वर्णन केले होते. बुद्धी चांगली असूनही ही मुले स्वतःला आवरू शकत नाहीत, हे त्यांनी नोंदविले व त्यास नैतिक नियंत्रणातील दोष मानले. वैद्यकशास्त्राने ही कल्पना केव्हाच टाकून दिली. घरोघरी मात्र व्रात्य, आळशी, बेशिस्त या शब्दांत ती अद्याप टिकून आहे. वस्तुतः या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मुलाची लक्षणे ऐकता ऐकता वडिलांना स्वतःचे बालपण आठवावे, यात नवल नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले की, मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षी कमाल पातळी गाठते. ‘एवढा घोडा झालास तरी’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी ही तीन वर्षे ध्यानात घ्यावीत.

‘कार्टून दोन-दोन तास पाहतो, मग अभ्यासालाच काय होते?’ हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो, आणि तो रास्त आहे. या मुलांपाशी अवधान नसते असे नव्हे. ते हवे तेव्हा, हवे तिथे वळविणे त्यांना जड जाते. पडद्यावर क्षणोक्षणी काही नवे घडते. पाढ्यांचे फळ मात्र वार्षिक परीक्षेत मिळायचे असते, आणि तेवढे दूरचे फळ या मुलाला आज जागेवर बसवू शकत नाही. म्हणून फळ जवळ आणावे लागते. अभ्यासाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा पुरा होताच शाबासकी द्यावी. ‘दप्तर भर, डबा घे, बूट घाल’ असे एका दमात न सांगता जवळ जाऊन एकच गोष्ट सांगावी. सकाळच्या कामांची चित्रे दाराशी लावल्यास आईचा आवाज पुष्कळ वाचतो. शाळेत पहिला बाक द्यावा, खिडकीपासून दूर. वह्या वाटणे, फळा पुसणे अशी उठण्याची कामे सोपवावीत. खेळाचा तास बंद करण्याची शिक्षा आम्हास सर्वांत अनर्थकारक वाटते.

काही मुलांना औषधही द्यावे लागते. त्यातील मेथिलफेनिडेटच्या विक्रीवर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. हे गुंगी आणणारे औषध नव्हे. तथापि भूक व झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंचीची नोंद नियमित ठेवावी लागते. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार होय. त्यासाठी अनेक भेटी लागतात, आणि रोजंदारी बुडवून येणाऱ्या पालकांना दुसरी भेटच अवघड होते. देणगीदारांच्या साहाय्याचा खरा उपयोग येथे आहे.

शिक्षकांना एक विनंती. दंगा करणारा मुलगा आमच्याकडे लवकर पोहोचतो. वर्गात स्वतःशीच हरवून बसणारी, वही-पेन्सिल रोज विसरणारी मुलगी कोणालाही त्रास देत नाही, म्हणून तिला कोणी आणत नाही. अशा मुलीच्या पालकांशी आपण अवश्य बोलावे.