एका ठोक्याच्या आत

ताशी 50 किलोमीटर. रस्ता जरा मोकळा मिळाला की शहरातही गाडी सहज एवढ्या वेगाने जाते आणि त्याला कुणी भरधाव म्हणत नाही. पण या वेगात गाडी दर सेकंदाला जवळजवळ 14 मीटर पुढे जात असते. ती कशावर तरी आदळून जागीच थांबली, तर तो आघात 10 मीटर उंचीवरून पडण्याएवढा असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. वेग 80 असेल तर उंची 25 मीटर, म्हणजे आठवा मजला. वेग दीडपटीहून थोडाच अधिक, उंची मात्र अडीचपट, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता या गाडीत सातवा महिना सरत आलेली बाई बसली आहे असं समजा. पट्टा लावलेला आहे, आणि गाडीचं नाक चेपत तिचं शरीर अर्ध्या मीटरभर अंतरात थांबतं. त्या अवधीत गुरुत्वाकर्षणाच्या साधारण वीसपट जोर तिच्यावर पडतो. 65 किलो वजनाची बाई तेवढ्यापुरती 1,300 किलोची होते. पोटातलं सव्वा किलोचं बाळ 25 किलोचं होतं. हे सगळं सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतं. बाळाचं हृदय मिनिटाला 110 ते 160 वेळा धडधडतं, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच ठोके. आईची गाडी आदळून थांबेपर्यंत बाळाच्या हृदयाचा एक ठोकासुद्धा पुरा झालेला नसतो.

बाळ पाण्यात असतं, त्याला काही होत नाही, असं घरोघरी म्हणतात. लहानसहान धक्क्यांपुरतं ते खरंही आहे. पहिले तीन महिने गर्भपिशवी कमरेच्या हाडांच्या आड असते. पुढे पिशवी वर सरकते, पाचव्या महिन्यात बेंबीपर्यंत येते, आणि हाडांचा आडोसा संपतो. तरीही खुद्द बाळाला इजा होणं, म्हणजे कवटी फुटणं वगैरे, फार विरळ आहे. पोटाला मुका मार लागलेल्या शंभर गरोदर बायकांत असं एकीच्याही वाट्याला येत नाही. आलं तर बहुधा शेवटच्या महिन्यांत, बाळाचं डोकं खाली उतरलेलं असताना आणि आईचं कमरेचं हाड मोडल्यावर. घात होतो तो वारेचा.

बाळंतपणानंतर बाहेर पडलेली वार पाहिली तर ती किती साधी दिसते! वीत-सव्वा वीत रुंदीची, इंचभर जाडीची, लालभडक मांसल चकती, वजन अर्धा किलो. पण तिच्या आतल्या बारीक झालरी उलगडून पसरल्या तर 10 चौरस मीटरहून जास्त जागा व्यापतील, चांगल्या मोठ्या खोलीएवढी. एरवी बाईच्या गर्भपिशवीला मिनिटाला 50 मिलिलीटर रक्त पुरतं. दिवस भरत आले की तेच 500 ते 700 मिलिलीटरवर जातं, आणि त्यातलं बहुतेक वारेच्या वाट्याला येतं. दर दहा मिनिटांनी पिशवीतून जाणारं रक्त मोजलं तर ते आईच्या अंगातल्या एकूण रक्ताएवढं भरेल.

पिशवी स्नायूंची असते. दाबली की आकार बदलते, पुन्हा पूर्ववत होते. वारेत तसे स्नायू नाहीत, तिला ताणता येत नाही. आघातात पिशवीची भिंत एका अंगाने खेचली जाते, वार तशीच राहते, आणि दोघींमधला जोड उसवतो. वार सुटते. पाणी दाबलं जात नसल्यामुळे गर्भजलही तो दाब न गिळता पुढे पोचवतं. वारेचा जेवढा भाग सुटला तेवढा बाळाचा प्राणवायू कमी झाला. आईच्या अंगावर एक ओरखडाही नसताना हे घडू शकतं.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती पुढच्या आकड्यांची. गरोदरपणात बाईचं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. निसर्गाने ही तजवीज बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी केली आहे. अपघातात हीच तजवीज फसवते. आतल्या आत दीड लिटर रक्त गेलं तरी तिचं बीपी ठीक दिसू शकतं, कारण शरीर आधी गर्भपिशवीचा पुरवठा आवळतं आणि आईचं काळीज-मेंदू सांभाळतं. बीपीची पट्टी सोडता सोडता सिस्टर 'नॉर्मल आहे' म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. पण ते बीपी आईचं असतं.

जबर अपघातांत शंभरातल्या 20 ते 50 बायकांची वार सुटते. किरकोळ अपघातांत शंभरात एक ते पाच. म्हणजे किरकोळ अपघाताची काळजी नको, असं वाटेल. हिशेब करून पाहा. समजा अपघातात सापडलेल्या हजार गरोदर बायका आहेत, त्यांतल्या 950 जणींना किरकोळ मार आहे आणि 50 जणींना जबर. 950 चे तीन टक्के म्हणजे 28. 50 चे चाळीस टक्के म्हणजे 20. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण वैद्यकातला अनुभव याच दिशेचा आहे: अपघातानंतर दगावणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांच्या आया किरकोळ जखमी असतात. 'काही लागलं नाही गं, नुसती घसरले' म्हणत स्कूटर उभी करून घरी गेलेली बाई या अठ्ठावीस जणींतली असू शकते.

म्हणून पाच महिने उलटून गेले असतील तर अपघातानंतर निदान चार तास दवाखान्यात राहून बाळाचे ठोके आणि पोटातल्या कळा यंत्रावर सतत पाहायच्या, असा वैद्यकीय नियम आहे. सोनोग्राफी चांगली आली म्हणून निघायचं नाही; सुटलेली वार सोनोग्राफीत निम्म्या वेळा तरी दिसतच नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल, आणि आपल्याकडे शंभरात पाच जणींचा असतो, तर बाळाचं 0.01 मिलिलीटर रक्त, म्हणजे एका थेंबाचा पाचवा हिस्सा, आईच्या रक्तात मिसळला तरी पुढच्या बाळाला धोका संभवतो. त्यासाठी 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घ्यावं लागतं. 108 ला फोन करताना पहिल्याच वाक्यात 'गरोदर आहे, अमुक महिना' हे सांगावं. रुग्णवाहिकेत तिला उताणं झोपवायचं नाही, 15 ते 30 अंशांनी डाव्या कुशीकडे कलतं ठेवायचं. उताणं ठेवलं तर पिशवीच्या भाराखाली मोठी शीर दाबली जाते आणि हृदयातून पुढे जाणारं रक्त पाव हिश्श्याने घटू शकतं.

पट्टा लावावा की नाही, हा प्रश्न आजही डोहाळजेवणात चघळला जातो. लावावाच. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर. वरचा दोन स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा घेतलेला पट्टा मात्र सगळा जोर थेट पिशवीवर आणतो. स्टीअरिंगपासून छाती 25 सेंटिमीटर दूर हवी. एअरबॅग बंद करायची नाही. तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी 1959 साली आणला. गरोदर बाईच्या आकाराचा चाचणी-पुतळा मात्र 1990 च्या दशकात आला. मधली 35-40 वर्षं गाड्या आदळून पाहिल्या गेल्या त्या बहुतेक पुरुषांच्या मापाच्या पुतळ्यांवर. दुचाकीवर मागे एका अंगाला बसणाऱ्या बाईसाठी तर पट्टाही नाही, पुतळाही नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 5,07,262 बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. दिवस राहण्याआधी, त्या स्वतः गाडी चालवत असताना, महिन्याला 177 गंभीर अपघात होत होते. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत ते 252 झाले. वाढ 42 टक्के, तीही ज्या महिन्यांत बाईला बरं वाटू लागलेलं असतं त्या महिन्यांत. अमेरिकेत 16 राज्यांतले 1995 ते 1997 या तीन वर्षांतले गर्भमृत्यूचे दाखले चाळले, तेव्हा आईला झालेल्या इजेमुळे गेलेले 240 गर्भ सापडले. त्यांतले 82 टक्के वाहन-अपघातांतले होते. आई मात्र दर नऊ घटनांतल्या एकीतच दगावली होती.

भारतात 2022 साली रस्त्यांवर 4,61,312 अपघात झाले, 1,68,491 माणसं गेली, 4,43,366 जखमी झाली. त्यांत गरोदर किती, हे केंद्राच्या वार्षिक अहवालातल्या तक्त्यांत नाही. हेल्मेट नसल्याने गेलेले 50,029 त्यात आहेत, पट्टा नसल्याने गेलेले 16,715 आहेत. देशात कोणत्याही दिवशी पावणेदोन कोटींच्या आसपास बायका गरोदर असतात, त्यांच्यासाठी रकाना नाही. आरोग्य खात्याकडे जावं तर तिथेही हे मृत्यू बाजूलाच पडतात. मातामृत्यूच्या जागतिक व्याख्येत अपघाती मृत्यू धरत नाहीत. महाराष्ट्राचा 2018-20 चा आकडा लाख जिवंत जन्मांमागे 33 आहे आणि तो अभिमानाने सांगितला जातो, सांगावाही. पण माहेरी बाळंतपणाला जाताना वाटेत गेलेली लेक त्या 33 मध्ये नाही. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत गेलेलं बाळ तर मृतजन्मांतही मोजत नाहीत.

पोलीस पंचनाम्यात वय लिहितात, लिंग लिहितात, चालक की मागे बसलेला हेही लिहितात. गरोदर असल्यास कितवा महिना, आणि चार आठवड्यांनी बाळाचं काय झालं, हे दोन रकाने वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. ते वाढवावेत, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्यांचा तक्ता छापावा.