फाईलचे नाव आणि कंपायलरचा अधिकार

प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राला चालविता येईल अशा रूपात भाषांतर करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. हा मूळ मजकूर ज्या फाईलमध्ये असतो, तिचे नाव कसे असावे, हे कंपायलरने ठरवावे काय?

सी भाषेत जोडावयाच्या फाईलचे नाव प्रोग्रॅमर स्वतःच मजकुरात नोंदवितो. म्हणून तेथे नावाची सक्ती करण्याचे कारण उरत नाही. १९९५ साली जाहीर झालेल्या जावा भाषेची रीत निराळी आहे. ‘अकाउंट’ हा सार्वजनिक क्लास ‘अकाउंट.जावा’ याच नावाच्या फाईलमध्ये असावा लागतो. तसे नसल्यास कंपायलर चूक दाखवितो. अन्यत्र त्या क्लासचा उल्लेख आला, की केवळ नावावरून त्याची फाईल हुडकता येते, वेगळी सूची ठेवावी लागत नाही. त्याची किंमतही आहे : क्लासचे नाव बदलले, की फाईलचेही बदलावे लागते.

मात्र भाषेच्या नियमग्रंथाने हे बंधन अनिवार्य केलेले नाही. मजकूर फाईलींत साठविला जात असेल, तरच ते घालण्याची मुभा दिली आहे. एकाच फाईलपुरत्या वापरावयाच्या, सार्वजनिक नसलेल्या क्लासला तर ते लागूच होत नाही. शोधाच्या गरजेपुरतेच बंधन असावे, हाच यातील विवेक होय.