भोंगा वाजल्यावर कॉलेजात कोण काय करतो?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठरली, तेव्हा महाराष्ट्रातल्या १६ ठिकाणांच्या यादीत मुंबई, उरण, तारापूर यांच्या जोडीने ‘रोहा-धाटाव-नागोठणे’ आणि ‘थळ-वायशेत’ हीही नावे होती. कारण उघड आहे. धाटावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल प्रकल्प, थळला खत कारखाना. युद्धात अशा जागा शत्रूच्या नजरेत आधी येतात. रोह्यातल्या डॉ. चिंतामणराव देशमुखांच्या नावाच्या कॉलेजात किंवा पेणच्या भाऊसाहेब नेने महाविद्यालयात शिकणारी मुले याच पट्ट्यात राहतात, एसटीने नाहीतर दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीने याच पट्ट्यातून ये-जा करतात. म्हणून युद्धाच्या दिवसांत कॉलेज कसे चालते आणि त्यात विद्यार्थ्यांच्या परिषदेचे काम कोणते, हे इथल्या घराघरांत माहीत असायला हवे.

आधी परिषद म्हणजे कोण, ते पाहू. ही दोन्ही कॉलेजे मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. त्याच्या कलम ९९ प्रमाणे कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडायचे असतात. प्रत्येक वर्ग आपला एक वर्ग प्रतिनिधी, म्हणजे सीआर, निवडतो. शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक विभागातून एकेकाला प्राचार्य नेमतात. १९९४च्या कायद्यात हे मतदान नव्हते. वर्गात सर्वाधिक गुण मिळवणारा आपोआप प्रतिनिधी होई. २०१६च्या कायद्याने मत परत दिले, पण २०१९मध्ये जाहीर झालेले निवडणुकीचे वेळापत्रक पुढे ढकलले गेले, नंतर करोना आला आणि विषय मागे पडला. हे मला फार मोठे नुकसान वाटते. का, ते पुढे येईलच.

तणाव वाढला की कॉलेजात सगळ्यात आधी येते ती अफवा. त्याच मे महिन्यात, परीक्षांच्या ऐन हंगामात, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलल्याचा संदेश मोबाइलवर फिरला. तो खोटा होता आणि विद्यापीठाला तसा खुलासा करावा लागला. पेणच्या डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या मुलीने त्या संदेशावर विश्वास ठेवून पेपर चुकवला, तर तिची एटीकेटी लागते आणि कदाचित वर्षही जाते. खरी सूचना ओळखायची रीत साधी आहे. परीक्षेचे परिपत्रक परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या सहीने निघते, त्यावर क्रमांक आणि तारीख असते आणि ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिसते. तिथे नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागाला विचारायचे. हे काम एकट्या प्राचार्यांनी करायचे म्हटले तर दिवस जातो. सीआरने करायचे म्हटले तर दहा मिनिटांत होते: एक जण कार्यालयात जाऊन विचारतो, परिपत्रकाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकतो आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला घरी फोन करतो. ‘हे खरे आहे’ असे सांगणारा आपण निवडलेला असला, तर पोरे त्याचे ऐकतात. नेमलेल्याचे तितके ऐकत नाहीत.

परीक्षेचीच आणखी एक बाजू आहे. विद्यापीठाच्या पेपरांच्या प्रश्नपत्रिका आता परीक्षेच्या थोड्या आधी ऑनलाइन येतात आणि केंद्रावर छापल्या जातात. वीज किंवा इंटरनेट गेले की ही साखळी तुटते. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, झेरॉक्स मशीन चालते का, हे पाहणे कर्मचाऱ्यांचे काम. पण खोळंबलेल्या मुलांना शांत बसवणे, लांबून आलेल्यांच्या परतीच्या गाडीची चौकशी करणे, हे परिषदेने उचलावे असे काम आहे.

आता भोंग्याकडे येऊ. वर-खाली होत जाणारा आवाज म्हणजे धोका. एकाच पट्टीत सलग वाजणारा म्हणजे धोका टळला. हा फरक प्रत्येक वर्गात आवाज ऐकवून शिकवावा लागतो, नुसता फळ्यावर लिहून भागत नाही. धोक्याचा भोंगा झाला की खिडक्यांपासून दूर, आतल्या भिंतीलगत, खाली बसायचे. संध्याकाळच्या वर्गांना ब्लॅकआउट असेल तर दिवे मालवायचे आणि जिन्यात एक-एक स्वयंसेवक उभा करायचा, कारण चेंगराचेंगरी जिन्यातच होते. धाटावच्या बाजूला वायुगळतीची शक्यताही धरावी लागते. तेव्हा वाऱ्याची दिशा पाहायची, वाऱ्याला आडवे चालायचे, ओला रुमाल नाकाला लावायचा. कारखान्यांच्या गावात ही माहिती शांततेच्या काळातही उपयोगाची आहे.

एनसीसीबद्दल पालकांच्या मनात भीती असते, ती दूर व्हायला हवी. १९४८च्या एनसीसी कायद्यानुसार कॅडेटवर लष्करात प्रत्यक्ष लढण्याची सक्ती येत नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६३मध्ये, कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८मध्ये पुन्हा ऐच्छिक. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत कॅडेटांनी दारूगोळा कारखान्यांना मदत केली, साहित्य पोहोचवले, नागरी संरक्षणात हातभार लावला. एनएसएस १९६९मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचा स्वयंसेवक वर्षाला १२० तास काम करतो आणि सात दिवसांच्या शिबिरात गावात राहतो. म्हणून कोणत्या वस्तीत म्हातारी माणसे एकटी आहेत, कुठे रस्ता नाही, हे त्याला ठाऊक असते. रक्तगटांची यादी, रक्तदान, आदिवासी वाड्यांवर निरोप पोहोचवणे ही कामे त्याच्याकडे द्यावीत. हे दोन्ही विभाग परिषदेत बसतात ते याचसाठी.

रोह्याला युद्धकाळातल्या शिक्षणाची एक आठवण मानाने सांगता येईल. इथल्या कॉलेजाला ज्यांचे नाव आहे ते, १९४३मध्ये, म्हणजे ऐन महायुद्धात, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या कारकिर्दीतच चीनशी आणि पाकिस्तानशी अशी दोन युद्धे झाली. एनसीसीची सक्ती आली तीही याच वर्षांत.

पेणकडची आठवण वेगळ्या जातीची आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी बडोद्याला शिकत असताना १९१४मध्ये मित्रांबरोबर ‘विद्यार्थी मंडळ’ काढले. तिथे पुस्तके जमवली जात, विषय घेऊन चर्चा होत. ते वर्ष पहिल्या महायुद्धाचे. दोन वर्षांनी इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. दुसऱ्या महायुद्धात, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते पवनारला युद्धात सामील होण्याविरुद्ध उघडपणे बोलले आणि त्यांना अटक झाली.

परिषदेच्या कामात ही दुसरी, वेगळ्या मताची बाजूही मोडते. युद्धाच्या दिवसांत वर्गात दोन मते असणारच. कोणी सीमेवरच्या जवानाचा भाऊ असतो, कोणाला युद्धच नको असते, कोणाच्या नावावरून त्याला टोमणे ऐकावे लागतात. त्या टोमण्यांची तक्रार घेऊन मुलाला एकट्याने प्राचार्यांच्या खोलीत जाणे जड जाते. विद्यार्थिनी प्रतिनिधी, मागासवर्गीय प्रतिनिधी आणि सीआर यांनी त्याच्याबरोबर जायचे, तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची आणि आठवड्याने काय झाले ते पुन्हा विचारायचे. वाचनालयात एखादी चर्चासभा ठेवली, एका शिक्षकाला अध्यक्ष केले आणि दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला, तर धुमसणारे बरेच काही तिथेच निवते.

जून-जुलैत प्रवेश संपले की वर्ग भरतात. तेव्हाच प्राचार्यांना अर्ज द्यावा: वर्ग प्रतिनिधी ठरवा, त्यांचे फोन नंबर सूचनाफलकावर लावा, भोंग्याची तालीम पहिल्या सत्रातच घ्या. अर्जावर शंभर सह्या असल्या तर तो बाजूला ठेवणे अवघड जाते.