पैसा कुणाचा, ते आधी सांगा

एडिसन, न्यू जर्सी



कर्जतच्या एका सिस्टरांनी मागच्या पत्रावर उलट विचारलं आहे: तिकडे अमेरिकेत डॉक्टर-नर्सना लायसन्स टिकवायला दर थोड्या वर्षांनी शिक्षणाचे तास भरून दाखवावे लागतात म्हणे. मग ते तास शिकवतं कोण, आणि त्या दिवशीच्या जेवणाचं बिल कोण भरतं? प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. म्हणून हे सगळं पत्र त्याच्यावरच.

आधी तासांचं बघू. अमेरिकेत डॉक्टरचं लायसन्स वॉशिंग्टनहून मिळत नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं आणि आपापला हिशेब ठेवतं. आमच्या न्यू जर्सीत डॉक्टरला दोन वर्षांत १०० तास, कॅलिफोर्नियात ५०. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तासांचा असा एकूण आकडाच नाही, पण जंतुसंसर्ग कसा रोखायचा हे ठराविक वर्षांनी पुन्हा शिकावं लागतं. पेनसिल्व्हेनियाचा नियम मला फार आवडतो: मुलावर अत्याचार होत असेल तर तो कसा ओळखायचा आणि कुठे कळवायचा याचे दोन तास डॉक्टर-नर्सना प्रत्येक नूतनीकरणाला चुकत नाहीत. नर्सला न्यू जर्सीत दोन वर्षांत ३० तास. मी मुलांच्या वॉर्डात काम करते, मलाही ते भरावे लागतात. बालरोगतज्ज्ञाचं त्यावर भागत नाही. त्यांचं वेगळं बोर्ड नॉर्थ कॅरोलिनात आहे आणि २०१९ पासून ते दर तिमाहीला ऑनलाइन प्रश्न पाठवतं.

पण कुठेही बसून ऐकलेला तास इथे मोजला जात नाही. तो देणारी संस्था मान्यताप्राप्त लागते. डॉक्टरांसाठी ती मान्यता शिकागोची एक परिषद देते आणि तिची अट कडक आहे. औषधं, उपकरणं, पोषणपूरक पदार्थ बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीला मान्यता मिळतच नाही. कंपनी देणगी देऊ शकते, तीही लेखी करार करून. विषय कोणता, बोलणार कोण, स्लाइडवर काय येणार, यात तिला तोंड घालता येत नाही. जानेवारी २०२२ पासून नियम आणखी आवळले. व्याख्यान ठरवणाऱ्या आणि देणाऱ्या प्रत्येकाने मागच्या २४ महिन्यांतले अशा कंपन्यांशी असलेले सगळे आर्थिक संबंध आयोजकांपुढे मांडायचे. रक्कम कितीही लहान असो, सूट नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. मुलांच्या रुग्णालयात आठवड्यातून एकदा सकाळी सगळ्या विभागांचं व्याख्यान असतं. समजा विषय बालदमा. लोक कॉफीचे पेले घेऊन येतात, खुर्च्या सरकवतात. पडद्यावर पहिली स्लाइड येते ती दम्याची नसतेच. तीत वक्त्याचं नाव, त्याखाली कंपनीचं नाव, त्यापुढे संबंध काय ते: सल्लागार म्हणून मानधन, किंवा संशोधनाला निधी, किंवा शेअर. कंपनीचा लोगो तिथे चालत नाही, नाव साध्या अक्षरांत. त्याखाली आणखी एक ओळ असते: या संबंधाचं निवारण केलं आहे. म्हणजे ज्याचा त्या कंपनीशी काही संबंध नाही अशा डॉक्टरने स्लाइड आधीच तपासल्या. ज्याचा कुणाशीच संबंध नाही त्यालाही तसं लिहावं लागतं, जागा कोरी ठेवता येत नाही. व्याख्यान संपलं की फोनवर कोड टाकून हजेरी, मग प्रश्नावली. तिच्यात हटकून विचारलेलं असतं की तुम्हाला कुठे कंपनीच्या बाजूने झुकाव जाणवला का. ती भरल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही.

हा देश इतका सावध सुखासुखी झालेला नाही. त्याला चटका बसला, आणि तोही मुलांच्याच बाबतीत. २००८ साली सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी चौकशी लावली. हार्वर्डचे बालमनोविकारतज्ज्ञ जोसेफ बीडरमन हे त्या क्षेत्रातलं फार मोठं नाव. लहान मुलांना बायपोलर आजार असल्याचं निदान आणि त्यावर मनोविकारावरची तीव्र औषधं देण्याची पद्धत त्यांच्या कामामुळे वाढली. २००० ते २००७ या काळात त्यांना औषध कंपन्यांकडून किमान १६ लाख डॉलर मिळाले होते आणि त्यातला बराच भाग त्यांनी विद्यापीठाला कळवलाच नव्हता, हे त्या चौकशीतून पुढे आलं. ज्या आईबापांनी चार-पाच वर्षांच्या लेकराला त्या गोळ्या दिल्या, त्यांना यातलं काय ठाऊक असणार?

कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे जाहीर करायला लावणाऱ्या ज्या कायद्याच्या मागे ग्रासली लागले होते, तो २०१० च्या आरोग्य कायद्याचा भाग म्हणून मंजूर झाला. सप्टेंबर २०१४ पासून सरकारची ‘ओपन पेमेंट्स’ ही यादी कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. डॉक्टरचं नाव आणि गाव टाकलं की ओळी उलगडतात: तारीख, कंपनी, कोणत्या औषधासाठी, कशाचे पैसे. जेवण, प्रवास, सल्लामसलत, भाषणाचं मानधन, सगळे रकाने वेगळे. सुरुवातीला मर्यादा होती १० डॉलर. म्हणजे एका सँडविच-कॉफीच्या वरचं सगळं नोंदलं जातं. नोंद चुकीची वाटली तर डॉक्टरला प्रसिद्धीआधी ४५ दिवसांत हरकत घेता येते. २०२१ पासूनच्या नोंदींत स्वतः औषध लिहून देणाऱ्या वरिष्ठ नर्सेसही आल्या. माझ्यासारख्या वॉर्डातल्या नर्सेस अजून त्यात नाहीत.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, झालं की मग, सगळं उजेडात आलं. तसं मी म्हणणार नाही. या देशाची एक समजूत आहे की गोष्ट जाहीर केली की तिचं विष उतरतं. कर्जाच्या कागदापासून सिगारेटच्या पाकिटापर्यंत इथे सगळं छापून ठेवतात आणि पुढचं तुमच्यावर सोडतात. पण २००५ साली केन, लोवेन्स्टाइन आणि मूर या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं की सल्ला देणाऱ्याने आपला स्वार्थ जाहीर केला की कधीकधी त्याचा सल्ला आणखीच वाकडा होतो, कारण सांगून टाकल्यामुळे त्याच्या मनावरचं ओझं उतरतं. ऐकणारा मात्र तेवढा सावध होत नाही. आणि २०१६ मध्ये त्याच सरकारी यादीवरून सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांचा अभ्यास झाला: कंपनीच्या खर्चाने घेतलेलं एक साधं जेवण, सरासरी २० डॉलरच्याही आतलं, तरी ते घेणारे त्या कंपनीचं महागडं औषध जास्त लिहीत होते. जेवणामुळेच तसं झालं असा दावा त्या अभ्यासाने केलेला नाही. पण वॉर्डात जेवणाच्या डब्यांची चळत घेऊन कंपनीचा माणूस आला की मला तो अभ्यास आठवतो.

आता डब्याच्या दुधाकडे वळते, कारण इथे आपला देश अमेरिकेच्या पुढे आहे आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर बंधनं घालणारी संहिता मताला आली. बाजूने ११८ मतं, विरोधात फक्त एक. ते एक मत अमेरिकेचं होतं. आजही या देशात ती संहिता कायदा झालेली नाही. गरोदर बाईने दुकानाच्या यादीत नाव नोंदवलं की कूपन आणि नमुन्याचे डबे पोस्टाने घरी येतात. ॲबट ही दूधपावडर बनवणारी मोठी कंपनी. तिची स्वतःची पोषण-शिक्षण संस्था आहे आणि ती नर्सेस व आहारतज्ज्ञांना मोफत अभ्यासक्रम आणि त्याचे क्रेडिट तास देते. डॉक्टरांसाठी शिकागोच्या परिषदेने जे दार बंद केलं, ते नर्सेससाठी असं उघडं आहे. बाळ-बाळंतिणीजवळ सर्वांत जास्त वेळ नर्सच असते, तेव्हा कंपनीला हे दार किती मोलाचं असेल ते तुम्हीच बघा. मोफत तास कुणाला नको असतात? शिफ्ट करून, घर सांभाळून ३० तास भरायचे म्हणजे प्रत्येक मोफत तास सोन्यासारखा वाटतो.

आपल्याकडे याला सरळ मनाई आहे. १९९२ चा शिशुदुग्ध-पर्याय कायदा, २००३ मध्ये आणखी कडक केलेला, म्हणतो की बाळाचं दूध, बाटल्या आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं अन्न बनवणाऱ्या कंपनीने आरोग्यसेवकाला किंवा त्यांच्या संघटनेला पैसा वा भेट द्यायची नाही. परिसंवाद, परिषदा, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, संशोधन यांना निधीही द्यायचा नाही. जाहीर करून द्या असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. द्यायचाच नाही. जाहिरात बंद, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र बंद. या कायद्यावर पहारा ठेवणारं स्तनपान प्रोत्साहन जाळं, बीपीएनआय, डिसेंबर १९९१ मध्ये आपल्याच वर्ध्यात जन्माला आलं. इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

मग बाकीच्या गोष्टींचं काय? टॉनिक, लस, नेब्युलायझर, अँटिबायोटिक? तिथे आपलं घोडं पेंड खातं. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद पाच वर्षांत ३० क्रेडिट मागते आणि सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या या शिक्षण-कार्यक्रमांना, निरीक्षक पाठवून हजेरी तपासते, हे चांगलंच आहे. डॉक्टरांनी कंपनीकडून भेटी, प्रवास, पाहुणचार घेऊ नये, असा नियम डिसेंबर २००९ पासून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात डॉक्टरांना वाटलेल्या भेटींवर कंपनीला करसवलत नाकारली. ती कंपनी झिंकोव्हिट बनवणारी. ज्याचं सिरप आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत फळीवर दिसेल, तेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना डॉक्टरांनी जाऊ नये असा नियम काढला आणि त्याच महिन्यात ती सगळी नियमावलीच स्थगित केली. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी संहिता आली: परदेशात परिषदा भरवायच्या नाहीत आणि भरवलेल्या कार्यक्रमांचा खर्च आपल्या संकेतस्थळावर दाखवायचा. ती संहिता आहे, कायदा नव्हे. आणि डॉक्टरच्या नावाने शोधता येईल अशी यादी आपल्याकडे नाहीच.

भारतात असताना मी एका सीएमईला गेले होते. गाव सांगत नाही. विषय मुलांच्या जुलाबाचा. मागच्या बॅनरवर कंपनीचं नाव विषयापेक्षा मोठं होतं आणि वक्त्याने आपला तिच्याशी संबंध आहे की नाही हे अवाक्षरानेही सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्यात वाईट हेतू होता असं मला वाटत नाही, तशी रीतच नव्हती. शिवाय कर्जत-खालापूरच्या वाड्यांतल्या मुलाला आधी जे डॉक्टर बघतात ते बहुधा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. त्यांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे, त्यामुळे वैद्यकीय परिषदेचे ते ३० क्रेडिट त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, मात्र पोचतो. डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात नवं काही कळायची वाट म्हणजे तोच.

आणि त्याही आधी बाळाला बघते ती आशाताई. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन ती वजन घेते, ताप बघते, बाळ अंगावर नीट पितं का ते बघते. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवली, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि २०११ पासून देशभर गेली. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, पावसाच्या तोंडाशी परततात आणि मधल्या महिन्यांत मुलाचं वजन किती उतरलं हे पहिल्यांदा अंगणवाडीताईच्या काट्यावर दिसतं. या बायकांच्या शिक्षणाला क्रेडिट नाही. पण त्यांचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं, त्यात दूध कंपनीचा बॅनर नसतो. ही गोष्ट जपण्यासारखी आहे. उद्या कुणी ‘पोषण कार्यशाळा’ म्हणून पिशव्या आणि डबे घेऊन आलं, तर आधी विचारा: ही कंपनी बाळाचं अन्न बनवते का? बनवत असेल तर कायद्याने तिला तिथे जागा नाही.

म्हणून माझं मत असं: बाळाच्या दुधाबाबत अमेरिकेचं अनुकरण करण्याचा मोहही नको, आपली मनाई तशीच राहू दे. बाकी सगळ्यासाठी मात्र ती पहिली स्लाइड आपल्याकडे यायलाच हवी. तिला खर्च काही नाही. कर्जत, खोपोली, पनवेल, अलिबाग, जिथे कुठे पुढची सीएमई होईल तिथे आयोजकांनी वक्त्याला एवढंच म्हणावं की दोन वर्षांत कुणाकडून काय घेतलंत ते आधी सांगा, नसेल घेतलं तर तेही सांगा.

सिस्टरांनी शेवटी विचारलं होतं की दुकानातून किंवा दवाखान्यातून डब्याचं दूध फुकट वाटताना दिसलं तर करायचं काय. कायद्याखालची फिर्याद कुणीही थेट कोर्टात नेऊ शकत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी, सरकारने नेमलेला वर्ग एकचा अधिकारी, नाहीतर केंद्राने अधिकार दिलेली बालकल्याणाची संस्था, यांच्यामार्फतच ती जाते. अशा संस्थांत बीपीएनआय आहे आणि मुंबईची ‘अकॅश’ही आहे. अन्न व औषध प्रशासनाचं रायगडचं कार्यालय पेणला आहे, तिथे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. डब्याचा फोटो, बॅच नंबर, तारीख, कुणी कुणाला काय दिलं, त्या वेळी हजर असलेल्या दोघांची नावं, एवढं सोबत जोडा आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या.