ताटली फिरते, दूध मात्र गारच!

मायक्रोवेव्हचा दिवा लागतो, पंखा घुमतो, काचेची ताटली फिरते. तरी दूध गारच. असं का? या सगळ्यांना घरातली नेहमीची वीज पुरते. दूध तापवणाऱ्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनला मात्र सुमारे 4000 व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर ते पुरवतात. यांपैकी एखादा भाग बिघडला, तर बाकीचं सारं सुरळीत दिसतं.

आधी सेटिंग पाहा. पॉवर कमी ठेवलेली नाही ना? कन्व्हेक्शनच्या मॉडेलमध्ये ग्रिल निवडलेलं नाही ना? मग कपभर पाणी पूर्ण पॉवरवर मिनिटभर ठेवा. ते चांगलं गरम व्हायला हवं. रिकामा ओव्हन मात्र चालवू नका.

ठिणग्या उडत असतील तर लगेच बंद करा. सोनेरी काठाची बशी किंवा फॉइल आत असेल तर काढा. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा पत्रा असतो. त्यावर उडालेलं तेल, मसाला जळूनही ठिणग्या पडतात. प्लग काढून हा पत्रा ओल्या फडक्याने हलकेच पुसा. काळा पडून भोक पडलं असेल, तर बदलून घ्या.

दार नीट बसत नसेल किंवा दारातली जाळी फाटली असेल, तर ओव्हन वापरूच नका.

मागचे स्क्रू कधीही काढू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरू शकतो. तिथून पुढचं काम प्रशिक्षित मेकॅनिकचं.